अंगावरून पाणी जायलंय

प्रिय पोरी,

पत्र मिळालं. उपकेंद्रावरची तुझी पहिली उपजत मृत्यूची, म्हणजे मेलेलंच जन्मलेल्या लेकराची नोंद, आणि कारणाच्या रकान्यात काय लिहावं हेच सुचेना, असं लिहिलंयस. शोधूनही सापडलं नसेल तर 'कारण समजले नाही' लिही, त्यात कमीपणा नाही. पण लेकराची कातडी सुटली होती, सासूबाई 'आत सडलं' म्हणाल्या, म्हणून तू 'इन्फेक्शन' लिहायला निघालीस. तसं करू नकोस. कातडी सुटली म्हणजे कळा सुरू व्हायच्या कितीतरी तास आधी लेकरू गेलं होतं, एवढंच. कशानं गेलं ते कातडी सांगत नाही. वार कधीकधी सांगते. तिला घाण वास होता का? गर्भजलाला होता का? आईला ताप होता? पुढच्या वेळी घरचे वार पुरायची घाई करतील, तेव्हा आधी ती नीट बघ. तपासणीची सोय असेल तर फॉर्मॅलिनमध्ये घालून पाठव. तरी लक्षात ठेव, वारेत जंतू सापडले म्हणजे तेच कारण, असंही नसतं.

माझीच एक चूक सांगते. नोकरीचं तिसरं वर्ष. आठव्या महिन्यातली बाई आली आणि म्हणाली, "नर्सबाई, अंगावरून पाणी जायलंय." आपल्याकडे बायका पांढरं जाण्यालाही हेच म्हणतात. मी तेच समजले, लोहाच्या गोळ्या हातात ठेवल्या नि पुढच्या बाईला बोलावलं. पाच दिवसांनी ती तापानं फणफणून आली. लेकराचे ठोके नव्हते. पाणमोट फुटून पाच दिवस झाले होते आणि खालचे जंतू वर चढले होते. एवढं सगळं ती एका वाक्यात सांगून गेली होती. मी ऐकलं नव्हतं.

म्हणून विचारत जा: लुगडं भिजतं का, की नुसता डाग पडतो? उठताना, खोकताना भसकन येतं का? रंग कसा, वास कसा? शंका आली की स्वच्छ घडी ठेवायला सांग, ताप आणि ठोके बघ, आणि लगेच पुढे पाठव. खात्री करायला बोटं आत घालू नकोस; प्रत्येक तपासणीनं जंतूंना वाट मिळते.

तशीच 'उन्हाळी'. लघवीला जळजळ झाली की धने-जिऱ्याचं पाणी पितात नि गप्प बसतात. उसाच्या फडात आडोसा नसतो. बायका दिवसभर लघवी दाबून ठेवतात, जावं लागू नये म्हणून पाणीही कमी पितात. जंतू मूत्रपिंडापर्यंत गेले की थंडी वाजून ताप येतो, कळा अवेळी सुरू होतात. कधी जळजळही नसते, म्हणून पहिल्या भेटीतच लघवी तपास.

'गरमी'बद्दल, म्हणजे सिफिलिसबद्दल, मात्र कुणी तोंडच उघडत नाही. त्यात बाईला बहुधा काहीच त्रास नसतो, आणि लेकरू पोटातच दगावू शकतं. उपचार झाला नाही तर निम्म्याच्या आसपास गरोदरपणांत बाळाला झळ बसते. बोटाच्या एका थेंबावर कळणारी आणि एका स्वस्त सुईनं बरी होणारी ही गोष्ट; या कारणानं लेकरू गेलं की मला आजही राग येतो. बेन्झाथिन पेनिसिलीन, २४ लाख युनिट, दोन्ही कुल्ल्यांत अर्धं-अर्धं, डॉक्टरांसमोर आणि रिअ‍ॅक्शनची तयारी ठेवून. आजार किती जुना ते माहीत नसेल तर आठवड्याला एक अशा तीन वेळा. बाळंतपणाच्या किमान ३० दिवस आधी सुई पडायला हवी. नवऱ्याचा उपचार झाला नाही तर आजार परत घरात. त्याला बोलावताना चारचौघांत कारण सांगू नकोस, नाहीतर तो येणार नाही आणि मार तिला पडेल.

उन्हाळ्यात टँकर सुरू झाले की काविळीवर डोळा ठेव. दूषित पाण्यातून येणारी हिपॅटायटिस ई शेवटच्या तीन महिन्यांत आईलाही नेऊ शकते. कावीळ उतरवणाऱ्याकडे गेलेले चार दिवस परत मिळत नाहीत. आणि एखादं मूल गेलं की शहरातून 'टॉर्च'चा, म्हणजे टॉक्सोप्लाझ्मा, रुबेला अशा लागणींच्या रक्ततपासणीचा, महागडा रिपोर्ट घेऊन येतात. त्यातली आयजीजी ही प्रतिपिंडं पॉझिटिव्ह म्हणजे बहुधा जुनी, होऊन गेलेली लागण. त्यासाठी घरातली शेळी विकू देऊ नकोस.

दसरा जवळ आलाय. ऊसतोडीसाठी उचल (आगाऊ पैसे) घेतलेल्या घरांत कोण गरोदर आहे याची यादी आशाताईला घेऊन आत्ताच कर. टोळी निघायच्या आधी सिफिलिस, एचआयव्ही, लघवी एवढं तरी होऊ दे; दर महिन्याच्या ९ तारखेच्या गरोदर तपासणी शिबिराची वाट बघत बसू नकोस. तीन सुयांपैकी एकच झाली असेल तर बाकीच्या दोन कुठे घ्यायच्या ते कार्डावर मोठ्या अक्षरात लिही, टोळीच्या मुकादमाचा नंबर घेऊन ठेव. त्याला आजार सांगायचा नाही, फक्त टोळी कुठल्या कारखान्यावर आहे ते विचारायचं.

आणि जिचं लेकरू गेलं, त्या बाईकडे जाऊन ये. एव्हाना तिला दूध उतरलं असेल, छाती दगडासारखी झाली असेल, आणि हे होणार म्हणून तिला कुणी सांगितलं नसेल. थंड पाण्याच्या घड्या ठेवायला सांग. ताप बघ, अंगावरून जाणाऱ्याला वास आहे का विचार. तिची सिफिलिसची पट्टीवरची तपासणी झाली होती का, कार्डावर मला दिसलं नाही. नसेल तर किट सोबत घेऊन जा.

तुझी,
सिस्टर