वाचक विचारतात: मी खूश, पोरं नाराज, असं का?

प्रश्न: मी सरकारी बँकेत 1992 ला क्लार्क म्हणून लागलो, आता ब्रँच मॅनेजर आहे. नोकरीबद्दल माझी काही तक्रार नाही, घर झालं, मुलं शिकली. पण शाखेतली पंचविशी-तिशीतली पोरं कायम वैतागलेली, डबा खातानासुद्धा पुढच्या परीक्षेचा अभ्यास चालू, एक पीओ (प्रोबेशनरी ऑफिसर, म्हणजे नवीन भरती झालेला अधिकारी) तर वर्षभरातच सोडून गेला. पगार आमच्यापेक्षा कितीतरी चांगला. या पिढीला समाधानच नाही का?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर: साहेब, तुम्ही आणि तो पीओ एकाच शाखेत बसता, पण दोघांची नोकरी एक नाहीये हो. तुम्ही पेन्शनचा पर्याय घेतला असेल तर पूर्ण नोकरीनंतर शेवटच्या मूळ पगाराच्या साधारण निम्मी पेन्शन नक्की. 1 एप्रिल 2010 पासून लागलेल्यांना एनपीएस (नॅशनल पेन्शन सिस्टिम), म्हणजे पगारातून 10 टक्के जाणार, बँक 14 टक्के घालणार आणि शेवटी हातात काय येईल ते मार्केट ठरवणार. तुम्ही तीस वर्षं एका जागी टिकलात त्यात त्या पेन्शनचा वाटा मोठा आहे, आणि पोरांना ती ओढच नाही, कारण एनपीएस खातं नोकरी बदलली तरी बरोबर येतं. मग त्याने टिकायचं कशासाठी?

आता कामाचं बघा. फ्रेडरिक हर्झबर्ग नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1959 मध्ये पिट्सबर्गच्या आसपासच्या दोनेकशे इंजिनियर आणि अकाउंटंटशी बोलून मांडलं होतं की पगार, साहेब, ऑफिसचे नियम वाईट असले की माणूस नाराज होतो, पण ते सुधारले म्हणून तो खूश होतोच असं नाही, खूश होतो ते काम जमल्यावर, कुणी दखल घेतल्यावर, जबाबदारी मिळाल्यावर. त्या थिअरीवर टीका बरीच झालीये, पण तुमच्या शाखेला ती चपखल बसते. तुम्ही लेजर लिहायचात, सहामाही क्लोजिंगला रात्री उशिरा का होईना पुस्तकं जुळली की काम झालं हे डोळ्यांना दिसायचं. आज पोराला सकाळी विम्याचं टार्गेट, दुपारी केवायसी अपडेट आणि संध्याकाळी व्हीसीवर (वरिष्ठांच्या व्हिडिओ मीटिंगमध्ये) सगळ्यांसमोर "तुमच्या शाखेचा आकडा का नाही?" इंजिनियरिंग करून, स्पर्धा परीक्षा काढून आलेल्या मुलाला रोज गिऱ्हाइकाच्या गळ्यात पॉलिसी मारायला लावली तर तो अभ्यासच करणार ना, आरबीआयचा नाहीतर एमपीएससीचा!

थोडा वयाचा भागही आहे. अँड्र्यू क्लार्क, अँड्र्यू ऑस्वाल्ड आणि पीटर वॉर यांनी 1996 मध्ये ब्रिटनमधल्या नोकरदारांचा अभ्यास छापला, त्यात समाधान सुरुवातीला बरं, तिशीत खाली आणि मग वयाबरोबर वर चढत जातं असं दिसलं. तुमच्या शाखेतली पोरं नेमकी त्या खालच्या टप्प्यावर आहेत. शिवाय कंटाळलेले लोक मधेच निघून जातात, त्यामुळे साठीजवळ उरतात ते बहुतेक रमलेलेच. 2000-01 च्या व्हीआरएसमध्ये (स्वेच्छानिवृत्ती योजनेत) सरकारी बँकांतून लाखभर माणसं बाहेर पडली, त्यांच्यातल्या नाराजांना आज कुणी विचारत नाही, आणि आपण म्हणतो की आमची पिढी समाधानी होती.

पेन्शन आणि बदल्या तुमच्या हातात नाहीत. पण एखादं कर्जाचं प्रकरण, समजा गोठ्याचं किंवा ड्रिपचं, सुरुवातीपासून एकाच ऑफिसरकडे द्या, शेतावर जाऊन पाहणी, कागद, शिफारस सगळं त्याचं, आणि रिजनल ऑफिसला विषय निघाला की त्याचं नाव घ्या. व्हीसीला स्वतः बसा, पोरांना पुढे करू नका. रजेचा अर्ज आला की "आमच्या वेळी" सुरू करू नका, हे जरा कडक झालं पण खरंय.

प्रश्न: मी 27 वर्षांची, पीओ आहे. सोडायचा विचार बोलून दाखवला की बाबा म्हणतात, सरकारी नोकरीला लाथ मारतेस? काय करू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: बाबांना नोकरी म्हणजे पेन्शन आणि कर्जाची सोय एवढंच दिसतंय, तर त्यांना एनपीएसचं स्टेटमेंट दाखव, तुझी पेन्शन जुन्या लोकांसारखी ठरलेली नाही हे अर्ध्या तासात कळेल. तू मात्र एक तपास, त्रास बँकेचा आहे की या शाखेचा? शाखेचा असेल तर आधी बदली माग, क्रेडिट (कर्ज) किंवा फॉरेक्स (परकीय चलन) विभागाकडे जाता येतं का विचार. तिथेही नाहीच रमलीस तर दुसरी ऑर्डर हातात आल्यावर राजीनामा दे, आणि त्याआधी सर्व्हिस बाँड, म्हणजे ठरावीक काळ नोकरी करायचा करार, किती वर्षांचा आहे ते अपॉइंटमेंट लेटरमध्ये वाच, आधी सोडलीस तर पैसे भरावे लागू शकतात.