शोरूमचं बिल आणि घरचा पाना : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गेल्या अंकात बाइकच्या चेन-स्प्रॉकेटबद्दल लिहिलं तर पत्रं सगळी सर्व्हिसिंगच्या बिलावरच आली. त्यातली चार घेतलीत. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलंय कारण बाकीच्या बऱ्याच जणांचा प्रश्न फिरून तोच आहे.

प्रश्न : दादा, माझ्याकडे 2018 ची स्प्लेंडर प्लस आहे, 62 हजार किमी झालेत, महिन्याला सातशे-आठशे किमी होतं. वॉरंटी कधीच संपली पण सवयीने शोरूमलाच टाकतो, वर्षातून तीनदा. परवाचं बिल 1,950 आलं. ऑइल 420, लेबर 350, वॉशिंग 100, चेन क्लीन-ल्यूब 120, डीकार्बन 350, ब्रेक क्लीनिंग 100, प्लग 110, एअर फिल्टर 190, कन्झ्युमेबल 60, पॉलिश 150. मित्र म्हणतो घरी कर, चारशेत होतं. खरंच होतं का? मला पाना धरता येतो पण इंजिनला हात लावायची भीती वाटते.
— एक वाचक, तासगाव

उत्तर : मित्र खोटं बोलत नाहीये, पण हिशोब अर्धाच सांगतोय. तुम्ही बिल आयटमवार लिहून पाठवलंत हे फार बरं केलंत, असं कोणी पाठवत नाही, सगळे नुसता शेवटचा आकडा सांगतात आणि मग मला काहीच कळत नाही.

आधी डीकार्बन 350 आणि पॉलिश 150 हे पाचशे रुपये बाजूला काढा. गाडी व्यवस्थित स्टार्ट होतेय, अॅव्हरेज पडलेलं नाही, धूर नाही, तर डीकार्बन, म्हणजे इंजिनात साचलेली काजळी काढणं, कशासाठी? 100 सीसीच्या साध्या इंजिनला दर चार महिन्यांनी त्याची गरज नसते, मॅन्युअलच्या मेंटेनन्स चार्टमध्ये शोधून बघा, सापडणार नाही. मग प्लग आणि फिल्टर. हे बदलायचेच असतात, पण त्यांचा किमीचा आकडा ठरलेला असतो, प्रत्येक सर्व्हिसिंगला कोणी बदलत नाही. म्हणजे आणखी 300 दर वेळचे नाहीत. राहिले 1,150. आता घरी केलंत तर ऑइलचे 420 लागणारच, फरक 730 चा. वर्षाला तीन वेळा म्हणजे 2,190. त्यातून पाने, प्लग पाना, फिलर गेज (बारीक फट मोजायच्या पट्ट्या), नरसाळं असं सामान पहिल्यांदा घ्यायला हजार-बाराशे जातील, म्हणजे पहिल्या वर्षी हातात हजारेक रुपये उरतात, दुसऱ्या वर्षापासून दोन हजार.

आणि ते वरचे डीकार्बन-पॉलिशचे पाचशे? दर वेळी लावत असतील तर ते वर्षाला दीड हजार होतात आणि ते वाचवायला पाना लागतच नाही. जॉब कार्ड, म्हणजे करायच्या कामांची यादी, भरताना काउंटरवरचा मुलगा टॅबवर भराभर टिक करत असतो, आपण मोबाईल बघत असतो, तिथे थांबून एवढंच म्हणायचं की भाऊ मला फक्त ऑइल, ब्रेक, चेन आणि नट-बोल्ट टाइट, बाकी काही लावायचं असेल तर आधी फोन कर. एस्टिमेट लिहून घ्यायचं आणि जुने पार्ट परत मागायचे. सही करायच्या आधी हे सगळं बोलायचं, नंतर वाद घालून काही होत नाही.

मग मी घरी करा का म्हणतोय? पैसे हे एक कारण झालं, पण खरं कारण वेगळं आहे. 2014 साली माझ्या बिलात नवीन एअर फिल्टर लागला होता. मला सवय आहे, फिल्टर बसवला की त्याच्या कडेवर मार्करने तारीख लिहितो. दोन महिन्यांनी सहज साइड पॅनल उघडलं, आत माझ्याच अक्षरातली वर्षापूर्वीची तारीख! पैसे नवीन फिल्टरचे घेतलेले आणि आत जुनाच, धुळीने गच्च. मी बिल घेऊन गेलो, मॅनेजरने माफी मागितली, समोर नवीन बसवून दिला. पण मला राहून राहून हेच वाटत राहिलं की फिल्टर उघडून दिसला म्हणून कळलं, ब्रेकचं काय? ब्रेक ड्रम उघडून साफ केला असं लिहिलंय ते केलं की नाही हे मला कधी कळणार? त्या दिवसापासून जे आपल्याला जमतं ते आपल्या हाताने करायचं ठरवलं. तिथल्या मेकॅनिकवर माझा राग नाही, एकेका पोराच्या अंगावर दिवसाला कितीतरी गाड्या टाकतात, तो तरी काय करणार.

आता भीतीचं. ऑइल बदलणं म्हणजे इंजिन खोलणं नव्हे. गाडी तीन-चार मिनिटं चालू ठेवा म्हणजे ऑइल कोमट होऊन पातळ होतं, मग बंद करून सपाट जागेवर डबल स्टँडवर लावा. खाली जुनं तसराळं. वरची डिपस्टिक (ऑइलची लेव्हल बघायची पट्टी) सैल करा, खालचा ड्रेन बोल्ट रिंग पान्याने सोडा, फिक्स पाना वापरू नका, बोल्टचे कोपरे झिजतात. शेवटचे आटे हाताने सोडवा, काळी धार एकदम येते आणि बोल्ट तसराळ्यात पडतो, त्यासोबत छोटा वॉशर असतो तो हुडकून काढा. थोडं जुनं ऑइल बोटांत घेऊन चोळा. नुसतं काळं असेल तर ठीक, चकचकीत धातूचा चुरा लागला तर मात्र तशीच गाडी मेस्तरीकडे न्यायची.

ऑइल पूर्ण निथळायला दहा मिनिटं द्या. वॉशर चपटा झाला असेल तर नवीन टाका, काही रुपयांची वस्तू आहे. बोल्ट परत लावताना आधी हाताने पूर्ण बसवा, मग पान्याने आवळा, आणि इथेच सगळ्यांचं चुकतं. इंजिनची केस अॅल्युमिनियमची असते, जोर लावून आवळला की केसमधले आटे जातात. माझ्याकडून पहिल्याच वर्षी गेले होते, लेथवाल्याकडे नवीन आटे पाडून घ्यावे लागले आणि त्यात वर्षभराची बचत गेली. म्हणून सांगतो, लांब दांड्याचा पाना वापरू नका, घट्ट लागला की थांबा.

नवीन ऑइल 10डब्ल्यू30 (हा ऑइलच्या जाडीचा ग्रेड), त्यावर जासो एमए (बाइकच्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) लिहिलेलं हवं, साधारण 800 मिलि जातं. भरून झालं की तीन-चार मिनिटं इंजिन चालवा, बंद करून दोन-तीन मिनिटं थांबा, मग डिपस्टिक पुसून नुसती टेकवा, आटे फिरवू नका, लेव्हल दोन खुणांच्या मध्ये यायला पाहिजे.

चेनसाठी तुमच्या गाडीला फार काही खोलावं लागत नाही. चेन कव्हरला खाली रबरी बूच असतं, ते काढून बोटाने चेन वर-खाली करून बघा, अडीच-तीन सेंटिमीटर हलली पाहिजे. चाक फिरवून दोन-चार जागी बघा, कारण चेन सगळीकडे सारखी सैल नसते. टाइट करताना मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूच्या खुणा सारख्या ठेवायच्या, नाहीतर चाक तिरकं बसतं. आणि एक गोष्ट जी बरेच जण विसरतात, चेन ओढली की चाक मागे सरकतं आणि त्यामुळे मागचा ड्रम ब्रेक आपोआप आवळला जातो. ब्रेक रॉडचा नट परत अॅडजस्ट केला नाही तर ब्रेक घासत राहतो, ड्रम तापतो, अॅव्हरेज पडतं आणि आपण कार्ब्युरेटरला दोष देत बसतो. चाक हाताने फिरवून बघा, मोकळं फिरलं पाहिजे. एक्सलचा नट आवळलाय का हे तर दोनदा बघायचं.

एवढं जमलं की बाकीच्या कामासाठी, म्हणजे व्हॉल्व्ह सेटिंग, क्लच प्लेट, हँडलचा कोनसेट (बेअरिंग), फोर्कचं (पुढच्या शॉकअपचं) ऑइल सील, ओळखीच्या गॅरेजवाल्याकडे जा. पार्ट आपण घेऊन जायचे. पुण्याकडचे लोक नाना पेठेत जातात, सांगली-मिरजेतही स्पेअरची चांगली दुकानं आहेत. पाकिटावरची एमआरपी बघा, बिल मागा. 22 सप्टेंबर 2025 पासून गाडीच्या पार्टवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आलाय, तेव्हा पाकीट जुन्या छापील किमतीचं असेल तर विचारायचं. आणि काम चालू असताना तिथेच स्टूल ओढून बसा. मेस्तरीलाही बरं वाटतं कोणी लक्ष देऊन बघतंय म्हणून, आणि चहा पिता पिता तो जे सांगतो ते दुसरीकडे कुठे शिकायला मिळत नाही.

प्रश्न : नवीन 160 सीसी गाडी घेतली, एफआय (इंजेक्शनने पेट्रोल सोडणारी) आणि एबीएसवाली (ब्रेक मारल्यावर चाक जाम न होऊ देणारी). दुसरी फ्री सर्व्हिसिंग आलीय. फ्री म्हणतात पण पहिल्या वेळी सातशे रुपये घेतले! सोडून देऊ आणि बाहेर करू का?
— पनवेलहून

उत्तर : नका सोडू. फ्री म्हणजे लेबर फ्री, ऑइल आणि लागणाऱ्या वस्तूंचे पैसे पडतातच, सातशेचं बिल नीट वाचा, त्यात ऑइल, फिल्टर असेल तर ते बरोबर आहे, कोटिंग वगैरे असेल तर पुढच्या वेळी नाही म्हणा. वॉरंटी असेपर्यंत ठरलेल्या किमीला किंवा ठरलेल्या महिन्यात, जे आधी येईल तेव्हा, अधिकृत ठिकाणीच करा आणि प्रत्येक बिल जपून ठेवा. उद्या इंजिनचं काही निघालं तर पहिला प्रश्न सर्व्हिस रेकॉर्डचा येतो आणि तिथे हजार-पाचशे वाचवलेले फार महागात पडतात.

एप्रिल 2020 ला बीएस6 (धुराच्या प्रदूषणाचे कडक नियम) आल्यापासून गाड्यांत सेन्सर वाढलेत, चेक इंजिनचा दिवा लागला तर बिघाडाचा कोड वाचायला स्कॅनर लागतो, तिथे शोरूमला पैसे देणं योग्यच आहे. तुम्ही घरी चेन साफ करा, दर 500 किमीला ल्यूब करा, हवा चेक करा, एवढ्याने वॉरंटीला धक्का लागत नाही. चेन ओ-रिंगवाली (कड्यांमध्ये रबरी रिंगा असलेली) असेल तर पेट्रोलने धुऊ नका, रबर खराब होतं.

बिलात न केलेलं काम लावलं आणि मॅनेजर दाद देत नसेल तर 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, तिथे तक्रार नोंदवा. जॉब कार्डचा फोटो आणि बिल हातात ठेवून फोन करा.

प्रश्न : माझी 110 ची स्कूटर आहे. शेजारच्या गॅरेजमध्ये ऑइल बदललं तर त्याने बाइकचंच ऑइल टाकलं, म्हणाला सगळं एकच असतं. काही बिघडेल का?
— चिपळूणची एक वाचक

उत्तर : ताई, घाबरू नका, एका वेळेने इंजिन बिघडत नाही. पण सगळं एकच नसतं. बाइकचा क्लच ऑइलमध्ये बुडालेला असतो, म्हणून तिला घसरू न देणारं जासो एमए लागतं. स्कूटरचा क्लच कोरडा, वेगळ्या कप्प्यात, त्यामुळे तिला जास्त सुळसुळीत एमबी चालतं आणि त्याने अॅव्हरेज चांगलं राहतं. पुढच्या वेळी डब्यावर एमबी बघून घ्या. उलटं मात्र कधीच करू द्यायचं नाही, घरात बाइक असेल आणि तिच्यात एमबी पडलं तर क्लच घसरायला लागतो, रेस वाढते आणि गाडी पुढे जात नाही.

आणखी एक, स्कूटरच्या मागच्या चाकाजवळ गिअर ऑइल वेगळं असतं, जेमतेम शंभर-सव्वाशे मिलि. ते बदलायचं बहुतेक जण विसरतात. विचारा त्याला शेवटचं कधी बदललं. तुमच्याकडच्या पावसात तर पाणी शिरून ते ऑइल दुधासारखं पांढरं झालेलं मी पाहिलंय.

प्रश्न : घरी ऑइल बदलायला लागलो, पण जळकं ऑइल टाकायचं कुठे? आमच्याकडे कुंपणाच्या लाकडाला वाळवी लागू नये म्हणून लावतात.
— सिन्नरहून

उत्तर : लावतात, आमच्या गावीही लावायचे आणि सेंट्रिंगच्या प्लेटांनाही लावतात, पण पावसात ते उतरून मातीत आणि तिथून विहिरीत जातं. त्यात झिजलेल्या धातूचे कण असतात. ज्या शेतातलं पाणी पितो तिथे हे नको. रिकाम्या ऑइलच्या डब्यातच परत भरून झाकण घट्ट लावा, दोन-तीन डबे साठले की ज्या गॅरेजमध्ये जळक्या ऑइलचं बॅरल ठेवलेलं असतं तिथे द्या, ते लोक गोळा करून रिसायकलिंगवाल्याला विकतात, त्यामुळे नाही म्हणत नाहीत. गटारीत तर थेंबही नको. डब्यावर मार्करने "जळकं" असं मोठ्या अक्षरात लिहा आणि पोरांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा.