नाला तिरका, बॉक्स सरळ : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सर, मी घणसोलीला एका कन्सल्टन्सीत दीड वर्ष रोड डिझाइनचं ड्राफ्टिंग करते. सिव्हिल थ्रीडी या सॉफ्टवेअरमध्ये कॉरिडॉर (रस्त्याचं थ्रीडी मॉडेल) झालाय, पण खालून जाणारा 2 बाय 2 मीटरचा बॉक्स कल्व्हर्ट (चौकोनी काँक्रीटची मोरी) काही केल्या नीट बसत नाहीये. नाला 30 अंश तिरका आहे, पाईप नेटवर्कमधून बॉक्स टाकला तर टोकं रस्त्याला समांतर येत नाहीत आणि क्रॉस सेक्शनला अर्धामुर्धाच दिसतो. ऑफिसातले एक सिनियर म्हणतात कॉरिडॉरच्याच असेंब्लीत (रस्त्याच्या ठरलेल्या आडव्या छेदात) बॉक्स लाव. काय करू? – एक वाचक, घणसोली

उत्तर : रस्त्याच्या असेंब्लीत अजिबात लावू नका, कारण असेंब्ली बेसलाइनच्या, म्हणजे रस्त्याच्या मुख्य रेषेच्या, दिशेने ओढली जाते, म्हणजे तुमचा बॉक्स रस्त्याला आडवा न जाता रस्त्याबरोबर धावेल. कडेच्या आरसीसी गटाराला ती पद्धत चालते, मोरीला नाही.

नाल्याची स्वतःची अलाइनमेंट (नकाशावरची रेषा) काढा, तिला स्वतःचं प्रोफाइल (त्या रेषेवरच्या लेव्हल) द्या आणि त्या प्रोफाइल व्ह्यूमध्ये रस्त्याचा टॉप सरफेस पण घ्या. मग बॉक्सचा एल-सेक्शन, म्हणजे लांबीतला उभा छेद, एकाच चित्रात समोर येतो: नाल्याचा बेड, तळाचा स्लॅब, वरचा स्लॅब, त्यावर किती भराव उरतो, सगळं. रस्त्याच्या क्रॉस सेक्शनमध्ये तिरका बॉक्स कधीच पूर्ण दिसणार नाही कारण सॅम्पल लाइन (छेद घ्यायची रेषा) त्याला तिरकी कापते, तेव्हा त्यावर डोकं खपवू नका, बॉक्सच्या रेषेवर एक वेगळी सॅम्पल लाइन टाका.

टोकांचं म्हणाल तर पाईप नेटवर्कमधला पाईप आपल्या अक्षाला काटकोनातच संपतो, ती त्याची पद्धतच आहे. मी काय करतो, बॉक्स दोन्ही बाजूंना थोडा जास्त लांब ठेवतो, त्याचा सॉलिड काढतो आणि पॅरापेटच्या (कडेच्या कठड्याच्या) रेषेवर स्लाइस करतो, हेडवॉल आणि विंगवॉल (तोंडाची आणि बाजूच्या भिंती) त्यानंतर. लांबीही तिरकी मोजायची, 12 मीटर रुंदीला 30 अंशात 13.86 मीटर लागतात, आणि क्वांटिटीत हे चुकलं की बिलाच्या वेळी सापडतं.

इन्व्हर्ट म्हणजे आतला तळ हेही पक्कं करा, खोदाईची लेव्हल तळाचा स्लॅब आणि पीसीसी (त्याखालचा साध्या काँक्रीटचा थर) वजा करून येते.

पण तुम्ही विचारलं नाहीत ते जास्त महत्त्वाचं आहे: बेड लेव्हल कुठून आणलीत? आमच्या एका कामात सर्व्हे मार्चमध्ये झाला, नालेसफाईच्या आधी. लेव्हल मोजायचा स्टाफ (खुणांची पट्टी) गाळावर टेकवला होता, वर प्लॅस्टिक आणि काळा चिखल, खाली खरा तळ 40 सेंटीमीटर खोल. आम्ही तीच लेव्हल धरली, बॉक्स झाला, मे महिन्यात गाळ निघाला आणि बॉक्सचा तळ नाल्यात पायरीसारखा वर राहिला, पहिल्याच मोठ्या पावसात पाणी वरच्या बाजूला तुंबलं आणि शेजारच्या चाळीत शिरलं. मॉडेल एकदम बरोबर होतं हो, बेडच चुकीचा होता. तेव्हापासून मी सळई खुपसून खरा तळ बघितल्याशिवाय लेव्हल घेत नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या (आयआरसी) एसपी 13 या लहान पूल-मोऱ्यांच्या मार्गदर्शिकेत जागेवर, वर आणि खाली असे तीन क्रॉस सेक्शन आणि नाल्याचा एल-सेक्शन सांगितलाय, ते कंटाळा न करता घ्या.

प्रश्न : आमचा बॉक्स खाडीजवळ आहे. सॉफ्टवेअरने डिस्चार्ज (येणारं सगळं पाणी) पास होतो असं दाखवलं, तेवढं पुरेसं आहे का? – एक वाचक, ऐरोली

उत्तर : टेलवॉटर, म्हणजे बाहेरच्या तोंडाशी असलेली पाण्याची लेव्हल, काय दिलंय ते आधी बघा. पारसिकच्या डोंगरावरून येणारे नाले एमआयडीसी आणि ठाणे-बेलापूर रोड ओलांडून खाडीला मिळतात, भरतीला खाडीचं पाणी तोंडाशी उभं असतं आणि पाऊसही तेव्हाच कोसळतो असं होतंच. बॉक्सचं बाहेरचं तोंड बुडालं की पाणी किती जाणार ते भरती ठरवते, बॉक्सचा साइज एकटा ठरवत नाही. अमेरिकेच्या फेडरल हायवे खात्याचं एचवाय-8 हे मोरीच्या हिशोबाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात भरतीची लेव्हल टेलवॉटर म्हणून टाका आणि वरच्या बाजूला पाणी किती चढतं ते बघा. फक्त त्या लेव्हलचा डेटम (उंची मोजायचं शून्य) तुमच्या सर्व्हेचाच आहे ना हे तपासा, चार्टवरची भरती चार्ट डेटमची असते, तशीच टाकली तर सगळंच फसेल.

प्रश्न : बॉक्सला 3 मीटरचे दोन सेल (शेजारशेजारचे गाळे), मधली भिंत 300 मिलिमीटर. कल्व्हर्ट लिहायचं का? – एक वाचक, कळवा

उत्तर : नाही, 6.3 मीटर झाले. आयआरसी 5 प्रमाणे 6 मीटरपर्यंत कल्व्हर्ट, त्यापुढे मायनर ब्रिज. मोजायचं काटकोनात, तिरकं नाही.