पेशी दमत नाहीत, निवडून गप्प बसतात

तुमचा प्रश्न असा: सेप्सिसमधून (संसर्गाला शरीराने दिलेल्या बेफाम प्रतिसादातून) सावरत असलेल्या वडिलांना पुन्हा न्यूमोनिया झाला, डॉक्टर म्हणाले "रोगप्रतिकारक पेशी टॉलरंट झाल्यात", म्हणजे त्या दमल्या का?

मीही आधी असंच समजायचो. एमएस्सीच्या प्रोजेक्टला आम्ही उंदराच्या मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी, वाढवायचो. ई. कोलाय या जिवाणूच्या बाहेरच्या आवरणातलं एलपीएस, म्हणजे एंडोटॉक्सिन, काही नॅनोग्रॅम घातलं की त्या टीएनएफ हे दाह भडकवणारं प्रथिन सोडत सुटायच्या. ते मोजायच्या एलायझा चाचणीत जितकं टीएनएफ जास्त तितका रंग गडद; प्लेटमधले खळगे हळदीसारखे पिवळेधमक. काही पेशींना मात्र आदल्या दिवशीच थोडं एलपीएस चाटवलं, दुसऱ्या दिवशी धुऊन मोठा डोस दिला. खळगे जवळजवळ पाण्यासारखे! पेशी मेल्या असं वाटून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तर ठणठणीत.

यालाच टॉलरन्स म्हणतात, आणि ही गोष्ट जुनीच. १९४६ च्या सुमारास पॉल बीसन या अमेरिकी डॉक्टरांनी सशांना टायफॉइडची लस (तिच्यातही एंडोटॉक्सिन होतं) रोज टोचली, तसा त्यांचा ताप दिवसेंदिवस कमी चढत गेला.

आत काय होतं? एलपीएसची खबर टीएलआर४ हा पेशीवरचा रिसेप्टर (खबर टिपणारं प्रथिन) देतो (ते दाखवल्याबद्दल ब्रूस बॉयटलर यांना २०११ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला). पहिल्या धक्क्यानंतर पेशी आयरॅक-एम, ए२० अशी ब्रेक लावणारी प्रथिनं तयार करते आणि ती खबर पुढे पोचेनाशी होते.

पण खरी गंमत त्याच्याही पुढे आहे. २००७ मध्ये येल विद्यापीठातल्या मेडझिटोव्ह यांच्या गटाने दाखवलं की दुसऱ्या वेळी सगळी जनुकं बंद होत नाहीत. आयएल-६ सारखी दाह भडकवणारी जनुकं हिस्टोनवरच्या (डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांवरच्या) खुणा बदलून कुलूपबंद होतात. जिवाणू मारणारी प्रथिनं बनवणारी बरीचशी चालूच राहतात, काही तर जास्तच जोरात. दमलेला माणूस असं निवडून काम टाळत नाही. रक्तदाब कोसळवणारा दाह आवरायचा आणि जिवाणूंशी लढत राहायचं, असा हा बेत.

सेप्सिसमध्ये मात्र तो अंगाशी येऊ शकतो. मोनोसाइट या रक्तातल्या पांढऱ्या पेशींवरचं एचएलए-डीआर, म्हणजे जंतूचे तुकडे टी पेशींना (प्रतिकारशक्तीच्या दुसऱ्या फळीतल्या पेशींना) दाखवायचं ताट, घटतं. ते बरेच दिवस खालीच राहिलं तर दुसऱ्या संसर्गाचा धोका वाढतो. तुमच्या डॉक्टरांचा रोख बहुधा याकडेच असावा.