मिररिंग करताय? आधी सीरियल नंबर लिहून काढा

विंडोज एसएसडीवर, फोटो आणि कागदपत्रं २ टीबीच्या जुन्या हार्ड डिस्कवर, आता हुबेहूब तसलीच दुसरी आणलीय, बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) रेड, म्हणजे इथे दोन्ही डिस्कवर तोच डेटा ठेवणारं मिररिंग, चालू केलं की झालं ना? तुमचा हा प्रश्न वाचला आणि पोटात गोळाच आला. अगदी माझीच गोष्ट.

डिस्क बसवणं, केबल जोडणं तुम्हाला येतच असेल, ते सोडतो.

बायोसमध्ये एएचसीआय हा डिस्कचा नेहमीचा मोड बदलून रेड केलंत की बहुधा विंडोज उघडणारच नाही, निळा स्क्रीन येईल. त्या मोडचा ड्रायव्हर सुरुवातीलाच लोड होत नाही, एवढंच कारण. आधी विंडोजच्या एमएसकॉन्फिग या सेटिंग प्रोग्रॅममध्ये सेफ बूटवर टिक करा, रीस्टार्ट करताना मोड बदला, एकदा सेफ मोडमध्ये उघडलं की टिक काढा. बहुतेक मशीनवर एवढ्यात भागतं. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर रिकव्हरी की आधी कागदावर घ्या. (मी हार्डवेअरवाला नाही, पोळलेला माणूस आहे. जे कराल ते आपल्या जबाबदारीवर.)

खरा घात पुढे झाला. मदरबोर्डवाल्यांच्या मदत केंद्राला फोन केला. पाऊण तास संगीत ऐकवून उत्तर मिळालं, "सर, रिकामी डिस्क सॉफ्टवेअर आपोआप ओळखतं." त्यांच्या प्रोग्रॅममध्ये दोन ओळी दिसत होत्या: मॉडेल तेच, साइज तीच, फरक फक्त सीरियल नंबरच्या शेवटच्या दोन आकड्यांचा. पोर्ट ० आणि पोर्ट १. जुनी डिस्क ०वरच असणार, हे मी धरूनच चाललो. नवी बसवताना हात पोहोचेना म्हणून केबलींची अदलाबदल मीच केली होती, ते साफ विसरलो. सोर्स म्हणून ० निवडली, 'यस' दाबलं आणि जेवायला गेलो.

परत आलो तेव्हा ११ टक्के झाले होते आणि फोटोंचा ड्राइव्हच गायब. पुन्हा फोन. "सर, प्रक्रिया पूर्ण होऊ द्या, मग दिसेल." आणि मी गाढवासारखा बसून राहिलो! १९ टक्क्यांवर डोक्यात प्रकाश पडला, तेव्हा बटण दाबून मशीन बंद केलं. रिकामी डिस्क भरलेलीवर कॉपी होत होती. त्या फोननंतरच्या ८ टक्क्यांत दीडशे जीबीहून जास्त पुसलं गेलं. पहिला मूर्खपणा माझा, कबूल. हा दुसरा मात्र मी त्यांच्याच खात्यावर टाकतो.

उरलेलं फोटोरेक या फाइली परत मिळवणाऱ्या प्रोग्रॅमने काढलं. फाइली मिळाल्या, नावं नाही. एफ आणि पुढे नुसते आकडे. काही फोटो अर्धेच उघडतात, खाली करडा पट्टा. तारखा फोटोंच्या आतच असतात म्हणून निदान वर्षवार लावता आले.

माझं मत विचाराल तर बायोसच्या रेडच्या नादी लागू नका. विंडोज प्रो असेल तर डिस्क मॅनेजमेंटमध्ये भरलेल्या व्हॉल्यूमवर राइट क्लिक करून 'ॲड मिरर' करा. दुसऱ्या डिस्कवरची जागा रिकामीच लागते, त्यामुळे दिशा चुकायला वाव नाही. विंडोज होममध्ये ही सोय नाही. तिथे स्टोरेज स्पेसेस ही विंडोजचीच मिररिंगची दुसरी सोय आहे, पण ते दोन्ही डिस्क पुसून घेतं, म्हणजे डेटा आधी तिसरीकडे हलवायला हवा. तसाही तो हलवाच. मिररमध्ये एकीकडे फाइल डिलीट केली की दुसरीकडचीही त्याच क्षणी जाते. त्याला बॅकअप म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलंय. शिवाय एक डिस्क मेली तरी मशीन हूं की चूं न करता चालत राहतं, त्यामुळे महिन्यातून एकदा स्थिती बघत जा.

तुमचं विंडोज होम आहे की प्रो ते कळवा, मग पुढचं बघू. तोवर फक्त जुन्या डिस्कवरच्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा. मोबाइलमध्ये. त्याच डिस्कवर नको.