‘ज्ञान’ की ‘शहाणपण’? नीतिसूत्रांतील एका शब्दाविषयी

नीतिसूत्रे, ईयोब आणि उपदेशक या बायबलमधील ग्रंथांना ‘ज्ञानसाहित्य’ म्हटले जाते. परंतु माणसाच्या आध्यात्मिक जडणघडणीच्या संदर्भात लिहिताना येथे ‘ज्ञान’ हा शब्द योग्य ठरतो की ‘शहाणपण’ म्हणावे, अशी पृच्छा एका वाचकाने केली आहे.

माझा कल शहाणपणाकडे आहे, कारण मूळ हिब्रू शब्द ‘होखमा’ हा प्रथमतः हाताच्या कसबाचा शब्द आहे. बायबलमधील ‘निर्गम’ या ग्रंथाच्या ३१व्या अध्यायात सोने, रुपे आणि पितळ घडवणाऱ्या, रत्ने जडवणाऱ्या बसालेलच्या अंगी होखमा आहे. ३५व्या अध्यायात सूत कातणाऱ्या स्त्रियांनाही त्याच धातूचे विशेषण लावले आहे. आणि १०७व्या स्तोत्रात वादळात सापडलेले खलाशी दारुड्यासारखे झोकांड्या खातात तेव्हा त्यांची होखमा नाहीशी होते, म्हणजे आपण म्हणतो तशी त्यांची मती गुंग होते. ‘ज्ञान’ म्हटले की मराठी कानाला ब्रह्मज्ञान ऐकू येते, नाहीतर परीक्षेचे सामान्यज्ञान. सूतकताई मात्र ऐकू येत नाही.

नीतिसूत्रांच्या २६व्या अध्यायातील चौथे आणि पाचवे वचन शेजारी ठेवून वाचावे. मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नकोस, असे एक सांगते. दे, असे लगेच पुढचे सांगते. ही संकलकाची डुलकी नव्हे. दोन्ही वचने पाठ असणे हे ज्ञान झाले. समोरच्या मूर्खापुढे आज कोणते लागू करायचे हे उमगणे म्हणजे होखमा, आणि ती अनेकदा चुकल्यावाचून अंगी येत नाही. ईयोबाच्या मित्रांना सगळी वचने ठाऊक होती, तरी सर्वस्व गमावून राखेत बसलेल्या ईयोबापुढे ती कुचकामी ठरली.

अडचण एकच, की मराठीत शहाणपणाची थट्टा फार झालेली आहे. ‘शहाणपणा शिकवू नकोस’ किंवा ‘अतिशहाणा त्याचा बैल रिकामा’ हे ऐकत वाढलेल्या वाचकाला हा शब्द ग्रंथाच्या गांभीर्याला थिटा वाटू शकतो. तरीही ‘शहाणा’ची व्युत्पत्ती ‘सज्ञान’शी जोडली जाते, म्हणजे ज्ञान त्याच्या पोटात आहेच. साहित्यप्रकाराचे रूढ नाव ‘ज्ञानसाहित्य’ ठेवावे आणि विवेचनात ‘शहाणपण’ वापरावे, असे मी सुचवेन.

जडणघडणीसाठी नीतिसूत्रांचा स्वतःचा शब्द ‘मूसार’ आहे. त्याचे भाषांतर सहसा ‘शिक्षण’ असे होते, पण त्यात बापाने कान उपटणेही येते; आपल्याकडे त्याला ‘वळण लावणे’ म्हणतात, आणि मला याहून नेमका प्रतिशब्द सुचत नाही.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. ‘परमेश्वराचे भय हा ज्ञानाचा आरंभ होय’ या पहिल्या अध्यायातील सातव्या वचनात हिब्रू शब्द ‘दाअत’ आहे, होखमा नव्हे. तेथे ‘ज्ञान’च योग्य आहे. त्याचेच जुळे वचन नवव्या अध्यायात दहाव्या क्रमांकावर येते, आणि तेथे मात्र होखमा आहे.