मालवाहू पिकअप क्लासिक कशी झाली?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नुकतंच टेक्सासला बिऱ्हाड हलवलंय, शेजारच्या आजोबांच्या गॅरेजात एक जुनी हिरवी शेवरले पिकअप आहे, बॉनेटच्या बाजूला 3100 असा आकडा आहे आणि लोक दारात येऊन तिच्यासाठी पैसे देऊ करतात. मागे माशासारखे पंख काढलेल्या कॅडिलॅक मोटारीला क्लासिक म्हणतात ते कळतं, पण जन्मभर चारा आणि खत वाहिलेल्या गाडीला एवढा भाव का? आणि एवढ्या पिकअप अमेरिकेतच का?

मी बरीच वर्षं डेट्रॉइटच्या परिसरात गाड्यांच्याच धंद्यात आहे, त्यामुळे लांबण लागणार, आधीच सांगून ठेवतो. माझं मत असं आहे की अमेरिकन मोटार स्टुडिओत घडली आणि पिकअप आधी शेतात, मग सरकारी नियमांच्या फटीत. दोघींचा इतिहास एकत्र वाचल्याशिवाय तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं लागत नाहीत.

फोर्डची मॉडेल टी 1908 साली आली. जमिनीपासून चांगली उंच, चिखलात न रुतणारी, आणि हातोडी-पाना घेऊन घरी दुरुस्त करता येणारी. शेतकऱ्यांनी तिची मागची बाजू काढून तिथे लाकडी पेट्या ठोकल्या. मागचं चाक जॅकवर उचलायचं, पट्टा चढवायचा आणि त्यावर लाकडं कापायची करवत फिरवायची, असेही उद्योग चालायचे. कंपनीने 1917 मध्ये एक टनी मॉडेल टीटी काढली, पण ती नुसती चासी, म्हणजे चाकं-इंजिनासकट सांगाडा; हौदा ज्याचा त्याने बसवायचा. 1925 च्या एप्रिलमध्ये मात्र फोर्डने कारखान्यातूनच हौदा लावलेली मॉडेल टी विकायला काढली. पोलादी हौदा, मागे फाळका, मागचे पाटे जरा जाड, आणि किंमत 281 डॉलर. पहिल्या वर्षात 34,000 च्या आसपास गाड्या खपल्या. लोक आधीपासून स्वतः करत होते तेच कंपनीने छापील किमतीला विकलं, एवढाच तो शोध.

याच सुमारास मोटारींच्या बाजूला वेगळंच वारं सुटलं होतं. जनरल मोटर्सचे आल्फ्रेड स्लोन यांचं धोरण असं की प्रत्येक खिशाला परवडेल अशी एक गाडी हवी, आणि ती दरवर्षी थोडी वेगळी दिसायला हवी, म्हणजे गेल्या सालची गाडी जुनाट वाटेल. त्यासाठी 1927 मध्ये हार्ली अर्ल यांच्या हाताखाली खास रूप-रंगाचा विभाग उघडला. मॉडेल टीचं उत्पादन दीड कोटीच्या पुढे जाऊन त्याच वर्षी बंद पडलं, हा योगायोग नव्हता. तिथून पुढे मोटार म्हणजे दरवर्षी बदलायची वस्तू झाली. पिकअप मात्र चालते तोवर चालवायची. आज तुम्हाला जुन्या पिकअपवर जे ओरखडे, पोचे आणि वेल्डिंगची ठिगळं दिसतात, त्यांचं मूळ इथे आहे.

1942 च्या फेब्रुवारीत सरकारने खासगी गाड्यांचं उत्पादनच थांबवलं. कारखाने युद्धाच्या कामाला लागले. युद्ध संपल्यावर गिऱ्हाईक रांगेत उभं होतं, म्हणून कंपन्यांनी 1942 च्याच मोटारी किरकोळ बदल करून पुन्हा विकल्या. पण नवं डिझाइन आधी कोणाला मिळालं? पिकअपला. शेवरलेची 'ॲडव्हान्स डिझाइन' मालिका 1947 च्या उन्हाळ्यात आली आणि फोर्डची एफ-मालिका 1948 च्या सुरुवातीला. नव्या अंगाच्या मोटारी दोघांकडेही त्यानंतर. शेत, दुकान, बांधकाम, सगळीकडे जुन्या गाड्या पार झिजल्या होत्या, आणि कामाची गाडी माणूस लांबणीवर टाकत नाही. डॉजने तर 1946 मध्येच लष्करी ट्रकचा साज उतरवून 'पॉवर वॅगन' बाजारात आणली होती, चारही चाकांना जोर असलेली.

तुमच्या शेजाऱ्याची 3100 बहुधा शेवरलेच्या या 'ॲडव्हान्स डिझाइन' मालिकेतली. 3100 म्हणजे अर्धा टनी, 3600 पाऊण टनी, 3800 एक टनी. आजोबांना विनवणी करून एकदा केबिनमध्ये बसाच. किल्ली फिरवली तरी इंजिन लागत नाही. पायाशी एक बटणासारखं पेडल असतं, ते दाबावं लागतं. गिअर तीन, आणि दांडा स्टिअरिंगला, आपल्या पद्मिनीत असायचा तसा. वायपर इंजिनच्या ओढीवर चालतात, त्यामुळे भर पावसात चढावर ॲक्सिलरेटर दाबला की नेमके तेव्हाच मंदावतात. 1949 पासून पेट्रोलची टाकी थेट सीटच्या पाठीमागे, केबिनच्या आत आली. टाकीचं झाकण उजव्या दारामागे बाहेरून दिसतं. आज असं काही कोणी कागदावर जरी काढलं तरी सुरक्षा विभाग घरी पाठवेल.

इंजिन 216 घनइंची, सहा सिलिंडर एका ओळीत. त्याची वंगणाची तऱ्हा मला फार आवडते. मुख्य बेअरिंगांना पंपाने ऑइल जातं, पण कनेक्टिंग रॉडच्या तळाला चमचे असतात आणि ते खालच्या पन्हाळीतलं ऑइल उचलून आपलं आपण घेतात. सावकाश चालवलं तर हे इंजिन काही मागत नाही. ताशी 45-50 मैलांच्या वर तासन् तास पळवलं तर मात्र ते ओरडायला लागतं, कारण मागच्या एक्सलचं गुणोत्तर ओझ्यासाठी ठेवलेलं आहे, वेगासाठी नाही. टेक्सासच्या हायवेवर ही गाडी घेऊन जाऊ नका, मागच्यांच्या शिव्या खाल. हौद्याची जमीन लाकडी फळ्यांची आणि दोन फळ्यांमध्ये पोलादी पट्टी. फळी कुजली तर ती एकटी बदलायची, आणि पट्टीमुळे फावडं सरळ घसरत जातं. मागची मडगार्डं हौद्याच्या बाहेर फुगलेली, केबिनमागे पाय ठेवायला पायरी. याला पुढे 'स्टेपसाइड' नाव पडलं आणि आज त्यालाच रांगडं सौंदर्य म्हणतात. तेव्हा तो फक्त हौदा बनवायचा सर्वात स्वस्त मार्ग होता.

पिकअप घरासमोर उभी करायला लाजायचं नाही, ही कल्पना 1955 मध्ये शिरली. त्या वर्षी शेवरलेने नवं आठ सिलिंडरचं व्ही-8 इंजिन आणलं आणि त्याबरोबर 'कॅमिओ कॅरियर' नावाची पिकअप. रेखाटन चक जॉर्डन यांचं, जे पुढे जनरल मोटर्सच्या अख्ख्या डिझाइन विभागाचे प्रमुख झाले. हौद्याच्या दोन्ही बाजू केबिनला समपातळीत, गुळगुळीत; त्यासाठी पोलादी हौद्याला बाहेरून फायबरग्लासचे पत्रे चढवलेले. स्टेपनी मागच्या बंपरच्या पाठी लपवलेली, बंपरचा मधला भाग खाली पडला की ती दिसायची. आणि पहिल्या वर्षीच्या रंगाचं नाव होतं 'बॉम्बे आयव्हरी', त्यावर लाल पट्टे! गिरगावात वाढलेल्या माणसाने हे वाचून छाती फुगवावी की नाही ते तुम्ही ठरवा. कॅमिओ महाग होती, चार वर्षांत जेमतेम दहा हजारांच्या घरात बनली. पण 1957 मध्ये फोर्डने तसाच गुळगुळीत हौदा साध्या पोलादात, साध्या किमतीत दिला, 1958 मध्ये शेवरलेनेही 'फ्लीटसाइड' काढली आणि कॅमिओची गरज संपली.

डॉजकडे नवं काही करायला पैसे नव्हते. त्यांच्या लोकांनी दोन दारी स्टेशन वॅगनचे मागचे पत्रे, पंखांसकट, उचलून 1957 च्या पिकअपला जोडले आणि नाव दिलं 'स्वेप्टसाइड'. नांगराला मखमलीची झूल घालावी तसा तो प्रकार. फारशा खपल्या नाहीत, म्हणूनच आज लोक त्यांच्यामागे धावतात.

पंखांचं मूळ विमानात. युद्धाच्या तोंडावर हार्ली अर्ल आपल्या माणसांना मिशिगनमधल्या सेल्फ्रिज तळावर लॉकहीडचं पी-38 हे लढाऊ विमान बघायला घेऊन गेले होते. त्याच्या दोन शेपट्यांचा छोटासा उंचवटा 1948 च्या कॅडिलॅकवर आला आणि क्रायसलरच्या व्हर्जिल एक्सनर यांच्याशी चुरस लागून 1959 पर्यंत तो इतका वाढला की पावणेसहा मीटर लांब गाडीच्या मागे पंखच आधी दिसावेत. मला विचाराल तर 1959 ची कॅडिलॅक म्हणजे पैशाचा माज आहे, आणि तरीही समोर आली की मी थांबून बघतो. पुढचा मस्टँग आणि जीटीओ या दमदार मोटारींचा जमाना (दोन्ही 1964) सगळ्यांना पाठ आहे, त्यात वेळ घालवत नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न, आणि माझ्या मते सगळ्यात मजेदार भाग. 1960 च्या सुमारास अमेरिकेतून स्वस्त कोंबड्या युरोपात जायला लागल्या. तिथल्या शेतकऱ्यांनी ओरड केली, युरोपच्या सामायिक बाजारपेठेने त्यावर जकात वाढवली. उत्तरादाखल 1963 च्या डिसेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी चार वस्तूंवर 25 टक्के जकात बसवली: बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक. रोख फोक्सवागनच्या व्हॅन-पिकअपवर होता. बाकीच्या तीन वस्तू कालांतराने सुटल्या, ट्रकवरची जकात राहिली. तिला आजही 'चिकन टॅक्स' म्हणतात. जपानी कंपन्यांनी पळवाट काढली: हौद्याविना चासी-केबिन आणायची, त्यावर जकात नाममात्र, आणि हौदा अमेरिकेत बसवायचा. 1980 मध्ये तीही वाट बुजवली. म्हणजे मोटारींच्या बाजारात परदेशी कंपन्यांनी डेट्रॉइटला घाम फोडला, तेव्हा पिकअपचा बाजार कुंपणाच्या आत सुखरूप होता. नफा जिथे सुरक्षित, तिथेच कंपनी इंजिनिअर आणि जाहिरात ओतणार.

दुसरी फट प्रदूषणाच्या नियमांची. 1975 पासून हलक्या गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा भाग) आणि शिसेविरहित पेट्रोल घ्यावं लागणार होतं, पण ओझ्यासकट मंजूर वजन 6,000 पौंडांच्या वर असेल तर सूट. फोर्डने त्याच वर्षी एफ-100 च्या वर एफ-150 आणली, त्या रेषेच्या जराशी पलीकडे! आज अमेरिकेत ज्या गाडीशिवाय पान हलत नाही तिचा जन्म असा झालेला आहे. त्याच फटीतून 1978 ची डॉज 'लिल रेड एक्सप्रेस' निघाली: केबिनच्या मागे ट्रॅक्टरसारखी उभी क्रोमची दोन धुराडी, हौद्याला ओकच्या फळ्या, आणि कन्व्हर्टर नाही. मस्टँग-कॉर्व्हेट नियमांनी गळपटलेल्या असताना एका मासिकाच्या चाचणीत शंभर मैलांचा वेग गाठण्यात ही पिकअप त्या वर्षीच्या सगळ्या अमेरिकन गाड्यांत पहिली आली. इंधनाच्या सरासरीचे नियमही मोटारींना कडक आणि ट्रकना सैल, त्यामुळे मोठी स्टेशन वॅगन मेली आणि कुटुंब पिकअपमध्ये शिरलं. एफ-मालिका 1977 पासून अमेरिकेतली सर्वाधिक खपाची पिकअप आहे.

आपल्याकडे हे का झालं नाही, असंही तुम्ही जाता जाता विचारलंय. जनरल मोटर्सने 1928 मध्ये शिवडीला गाड्या जुळवायला सुरुवात केली होती. वालचंद हिराचंद यांनी क्रायसलरशी करार करून प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि 1947 मध्ये कुर्ल्याहून डॉज, प्लिमथ बाहेर पडायला लागल्या; जुन्या ड्रायव्हर मंडळींना तिथले फारगो ट्रक आठवत असतील. पण 1953 च्या धोरणाने नुसती जुळवाजुळव बंद केली, जनरल मोटर्स आणि फोर्डने गाशा गुंडाळला. पेट्रोल पिणारा सहा सिलिंडरचा अर्धा टनी हौदा आपल्या शेतकऱ्याला परवडणाराही नव्हता. त्याची जागा आधी जीपने आणि फार नंतर डिझेल पिकअपने घेतली.

आता हिरव्या गाडीचं साल. कागदावरच्या सालावर फार विसंबू नका, जुन्या टायटलवर (मालकीच्या कागदावर) पुष्कळदा नोंदणीचं साल असतं. गाडीकडे बघा. पुढची काच दोन तुकड्यांची असेल तर 1953 किंवा आधीची, अखंड वाकवलेली असेल तर 1954 किंवा नंतरची. दाराला पुढे छोटी तिकोनी खिडकी असेल तर 1951 किंवा नंतरची. केबिनच्या मागच्या कोपऱ्यांत वळलेल्या काचा असतील तर ती 'पाच खिडक्यांची' डिलक्स केबिन, आणि भाव वर जायचं निम्मं कारण ते.

आणि घ्यायचा मोह झालाच तर खिशात फ्रिजवरचं चुंबक ठेवा. केबिनचे खालचे मागचे कोपरे, दाराखालची पट्टी आणि पायाखालचा पत्रा, या तीन ठिकाणी ते चिकटलं नाही तर रंगाखाली पुट्टीच पुट्टी आहे. इंजिनचं फार मनावर घेऊ नका, भाग मिळतात. गंजलेल्या केबिनने दिवाळं निघतं. टेक्सासच्या गाड्या याबाबतीत भाग्यवान. आमच्याकडे मिशिगनला हिवाळाभर रस्त्यावर मीठ ओततात, त्यातून वाचलेली 3100 क्वचितच सापडते. रोज थोडीफार चालवायची असेल तर 3100 पेक्षा 1967 ते 72 ची शेवरले सी-10 बघा: ब्रेक बरे, मागेही बहुतेक गाड्यांना पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग, आणि नवे पत्रे अजूनही बनतात. काचा आणि दाराचा फोटो टाकलात तर साल आणखी नेमकं सांगता येईल.